मक्याचा ऊस

"हात वर. अजून वर. मोबाईल तोंडापुढे धरू नको, तोंड दिसलं पाहिजे. आणि मागचा ऊस दिसला पाहिजे."

"सर, ही मका हाय," धनश्री म्हणाली.

"मला कळतंय ते. फोटोत ऊस दिसणार आहे. तू फक्त हस. जास्त नको हसू. शिकताना माणूस हसतो तेवढंच."

बोरदऱ्याच्या शाळेमागं अजिनाथची मका डोक्याच्या वर गेली होती. तिच्यात पाचवीतली धनश्री सरांचा मोबाईल हातात घेऊन उभी होती. बांधावर शाळेत खिचडी शिजवणारी पुष्पावती पदर तोंडात धरून हसत होती. तिला बोलावलं नव्हतं. पण शाळेच्या मागं काही चाललंय आणि पुष्पावती तिथं नाही, असं कधी झालेलं नाही.

"आवो सर, पोरीच्या कानाशी कनीस लोंबतंय. उसाला कव्हापासून कनसं लागली?"

"मावशी, तेवढं मोडून घ्या की."

"मोडते. तुरा ऱ्हाऊ द्या. तुरा उसाला बी येतो."

"मोडा, मोडा," विहिरीवरून अजिनाथ ओरडला. "पर भाजल्यावर आर्धं मला पायजे!"

कणीस मोडलं गेलं. दुसऱ्या मोबाईलवर खाडे सरांनी फोटो काढले. धनश्रीची ओढणी डोक्याला बांधायला लावली, कारण ऊसतोड्यांच्या पोरी अशाच बांधतात असं त्यांना वाटत होतं. धनश्री स्वतः ऊसतोड्याची पोरगी होती आणि तिनं जन्मात अशी ओढणी बांधली नव्हती. पण सर म्हणतात म्हटल्यावर बांधली. शेवटच्या फोटोत ती खरोखर मोबाईलमध्ये बघत होती. तिथं सरांनी आधीच उतरवून ठेवलेल्या व्हिडिओत काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून घर कसं करायचं ते दाखवत होते. ती बघतच राहिली. तोच फोटो सगळ्यांत चांगला आला.

वैजनाथ खाडे हा वाईट माणूस नव्हता. वाईट व्हायला थोडी हिंमत लागते. तो डी.एड. झाला, नोकरीला लागला, लग्न झालं, तिसगावात भाड्याची खोली घेतली, मोटारसायकलवर बोरदऱ्याला येऊ-जाऊ लागला. शिकवायचा बरा. पोरांना मारत नव्हता. असं सरळ चाललेलं आयुष्य एका प्रशिक्षणानं नासवलं. त्या प्रशिक्षणात त्याला ब्लॉग करायला शिकवलं. घरी येऊन त्यानं 'बोरदरा ज्ञानमळा' नावाची साईट काढली. तिच्यावर शिक्षणासाठी उपयुक्त अशा साईटांची यादी टाकली. मुलांसाठी उपयुक्त, पालकांसाठी उपयुक्त, शिक्षकांसाठी उपयुक्त. वर झेंडा फडफडायचा, खाली पणती जळायची, आणि कोपऱ्यात भेट देणाऱ्यांचा आकडा पळायचा.

त्या यादीत काही साईटा खरंच सोन्यासारख्या होत्या. कुणी तरी जीव ओतून केलेल्या. पण त्या शोधायच्या तर बाकीचा कचरा उपसावा लागे. कारण बाकीच्या लिंका ह्याच्यासारख्याच दुसऱ्या गुरुजींच्या याद्यांच्या होत्या. ह्या यादीतून त्या यादीत जायचं, तिच्यातून तिसऱ्या गुरुजीच्या, आणि तिथून फिरून पुन्हा खाडे सरांच्या मळ्यात. घाण्याला जुंपलेल्या बैलाला तरी शेवटी तेल दिसतं. इथं तेही नाही. भेट देणारे कोण? तर हेच सगळे गुरुजी. रोज सकाळी ग्रुपवर हात जोडलेलं चित्र यायचं. 'माझ्या साईटला भेट द्या, मी तुमच्या देतो.' भाऊबीज चालल्यासारखी.

बोरदऱ्यातल्या एका तरी पालकानं ती साईट उघडली होती का? बोरदऱ्यात नेटची रेंज येते ती मारुतीच्या पारावर, तीही एका कोपऱ्यात. तिथं बसायला आधीच म्हातारे असतात.

आता नगरच्या कुठल्याशा प्रतिष्ठानानं 'तंत्रस्नेही गुरुजी' असा पुरस्कार काढला होता. अर्जात एक रकाना होता, 'वंचित घटकांना झालेला लाभ'. खाडे सर त्या रकान्यापाशी अडकले. मग सुचलं. त्यांनी लिहिलं की बोरदऱ्याचे पालक ऊसतोडीला कोपरगावकडं जातात, तेव्हा त्यांची मुलं उसाच्या फडात, कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत बसून 'ज्ञानमळा' साईटवरून शिक्षण घेतात. पुरावा म्हणून फोटो जोडायचा होता. फड होता कोपरगावला आणि महिना होता श्रावण, तेव्हा फडात कुणीच नव्हतं. अजिनाथची मका मात्र घराजवळ होती.

अर्ज तालुक्याच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांच्या सहीनं पुढं गेला.

*

बोरदऱ्यात शाळेची अर्धी पोरं कार्तिकात गायब व्हायची. आई-बाप कोयता घेऊन निघाले की पोरंही ट्रकवर. मग काही वर्षांपूर्वी हंगामी वसतिगृह आलं. नाव वसतिगृह. पण गादी नाही, खोली नाही. पोरं झोपायला गावातच कुणाच्या तरी घरी, आणि सकाळ-संध्याकाळ जेवायला शाळेत. बास, एवढंच. पण त्या दोन ताटांवर पोरं गावात टिकली. पुष्पावती सकाळी भाकरी आणि कालवण करायची, संध्याकाळी पुन्हा. मधे दुपारची खिचडी होतीच. दिवसभर चुलीपुढं बसून तिचे डोळे लाल व्हायचे. पण तोंड बंद व्हायचं नाही.

दर वर्षी ह्या वसतिगृहाला नव्यानं मंजुरी लागे. प्रस्ताव करायचा, पोरांची नावं द्यायची, आणि वाट बघायची.

दसऱ्याच्या आधी धनश्रीचा बाप सहादेव शाळेत आला. व्हरांड्यात चपला काढल्या. शाळेत चपला काढून येणारी ही शेवटची माणसं.

"सर, औंदा जेवान हाय ना पोरास्नी? न्हाई, मुकादम इचारतोय, किती मान्सं ट्रकात. पोरीला धरू का सोडू?"

"सोडा. प्रस्ताव गेलाय. दरवर्षी येतंच की."

"येतं. पर आपलं इचारावं म्हनलं." सहादेव उठला नाही. "सर, ती पोरगी काड्यांचं कायतरी करती बघा. काड्यापेट्या सगळ्या रिकाम्या. तिची आई बोंबलती, चूल कशानं पेटवू म्हनती. मी म्हनलं बोंबलू दी. चौकोनी करती, तिकोनी करती. मला म्हनती, बापू, तिकोनी हालत न्हाई, चौकोनी हालतंय. म्या दाबून बघितलं. खरंच की वो."

"हुशार आहे ती."

"मग ती फडावर न्यायची न्हाई, सर." एवढं बोलून तो उठला.

चुलीपासून पुष्पावतीनं हाक दिली, "आन ती झोपंल माझ्यापाशी! माझ्या घरात कोन हाय? मी आन मांजर!"

"झोपाया काय मावशी," सहादेव म्हणाला, "झोपाया रानात बी जागा हाय. ताटाचं बघा मजी झालं."

ताटाचं खाडे सरांना बघायचं होतं. त्यांनी मान हलवली.

*

दसरा झाला. मंजुरी आली नाही. पुरस्काराचं पत्र मात्र आलं. खाडे सरांनी ते आधी बायकोला दाखवलं, मग ग्रुपवर टाकलं, मग मोटारसायकल काढून तालुक्याच्या ऑफिसात गेले. निमित्त वसतिगृहाचं होतं. पण अभिनंदन कोण कोण करतंय ते बघायचं होतं, हे खोटं कशाला बोला.

साहेबांनी खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती. चहा मागवला.

"खाडे सर, तालुक्याचं नाव केलंत. वरून फोन होता मला. म्हणाले, हे मॉडेल सगळीकडं करू."

"आपलं मार्गदर्शन, साहेब." मग थोडं थांबून, "साहेब, ते वसतिगृहाचं... ट्रक निघायला लागलेत. पालक विचारतात."

"कुठल्या वसतिगृहाचं?"

"बोरदऱ्याच्या."

साहेबांनी कपाटातून खाडे सरांचाच अर्ज काढला. वर धनश्रीचा फोटो. "बोरदऱ्याला वसतिगृह कशाला? तुमची पोरं फडावर शिकतात ना? हे बघा, तुम्हीच लिहिलंय. 'स्थलांतर हा आता शिक्षणातला अडथळा राहिलेला नाही.' वाक्य आवडलं मला. वर पाठवताना मी तेच वाक्य टाकलं."

खाडे सरांचा चहा हातात राहिला.

"साहेब, तिथं रेंज नसते."

"मग फोटोत पोरगी काय बघतीय? भिंत?"

"साहेब, लाईट नसते कोपीवर. मोबाईल चार्ज..."

"खाडे सर." साहेब हसले.

आणि मग आयुष्यात पहिल्यांदा वैजनाथ खाडेनं साहेबासमोर खरं सांगितलं. आवाज असा निघाला की टेबलाच्या पलीकडं पोचतो का नाही. "साहेब, तो ऊस नाही. मका आहे. शाळेच्या मागची."

साहेबांनी फोटो उचलला, लांब धरला, जवळ धरला. परत खाली ठेवला.

"गुरुजी, मी काय पुण्यात जन्मलो का? बापाबरोबर उसाला पाण्याचे बारे दिलेत मी. मका आणि ऊस मला कळत नाही? पहिल्याच दिवशी कळलं. पानाची शीर बघा, खोड बघा. आणि ते कणीस मोडलेलं दिसतंय इथं, कानापाशी. तेवढं नीट मोडायचं होतं."

"मग साहेब, तुम्ही सही..."

"मग काय करू? मका म्हणून वर कळवलं तर पोरांना जेवण पाहिजे. जेवणाला पैसे पाहिजेत, आणि ते औंदा वरूनच आखडून आलेत. कुठली तरी गावं कापायचीच होती. ऊस म्हणून कळवलं तर कुणालाच काही लागत नाही. तुम्हाला शाल, मला शाबासकी, वरच्यांना मॉडेल." त्यांनी एक कोरा कागद आणि पेन पुढं सरकवलं. "पण तुमचं मन खात असेल तर लिहून द्या. फोटो खोटा आहे, मजकूर खोटा आहे, पोरं शिकत नाहीत, वसतिगृह द्या. मी आजच्या आज पाठवतो. वसतिगृह मिळेल का, ते मी सांगत नाही. चौकशी मात्र मिळेल."

पंखा फिरत होता. कागदाचा कोपरा उडत होता. खाडे सरांनी तो बोटानं दाबून धरला. पेन उचललं नाही.

मनात त्यांनी हिशेब केलाच. लिहून दिलं तर बायको काय म्हणेल, ग्रुपवर काय होईल, बदली कुठं होईल. आणि वसतिगृह तरीही नाहीच मिळालं तर? ह्या 'तर'वर ते टेकले. भित्र्या माणसाला असा एक 'तर' लागतो. तो मिळाला की तो त्याच्यावर आरामात बसतो, सावलीला म्हैस बसावी तसा.

"नको," ते म्हणाले.

"शहाणे आहात. आता ऐका. पालक मेळावा घ्या, साईटांचा कागद वाटा, फोटो अपलोड करा. आणि फडावर गेलेल्या पोरांची नावं कमी करायची नाहीत. रोज 'ऑनलाईन हजर' लावायचं."

*

नगरच्या सभागृहात तो फोटो फ्लेक्सवर माणसाएवढा लावला होता. खाली 'फडावरची ज्ञानगंगा' असं लिहिलं होतं. समोर जिल्हाभरचे शिक्षक बसले होते. बहुतेक सगळे शेतकऱ्यांची पोरं. मका कापलेली, कडबा वाहिलेला, उसात पाणी धरलेलं. आता सांगा, त्यांतल्या एकालाही मका ओळखू आली नसेल? सगळ्यांना आली. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी कुणाकडं बघितलं नाही. एका पाहुण्यानं भाषणात सांगितलं की आता शाळेला भिंतींची गरज उरलेली नाही. त्याची स्वतःची पोरं भिंती असलेल्या, वर एसी लावलेल्या शाळेत होती. ते त्यानं सांगितलं नाही.

खाडे सरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "हा माझा नसून माझ्या विद्यार्थ्यांचा सन्मान आहे." लोकांना हेच लागतं. खाली उतरले तेव्हा शाल खांद्यावरून घसरत होती आणि ती सावरण्यातच त्यांचा सगळा जीव गुंतला होता.

*

मेळावा शाळेच्या व्हरांड्यात झाला. दुसऱ्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून सगळं खाडे सरच. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. सगळ्यांना वाटलं, जेवणाचं सांगायला बोलावलंय. सरांनी कागद वाटले. त्याच्यावर साईटांची नावं, आणि वर तो काळा-पांढरा चौकोन.

"हा चौकोन मोबाईलनं स्कॅन करायचा. की लगेच अभ्यास उघडतो. गणित, विज्ञान, गोष्टी. फुकट. पालकांसाठी पण आहे, मुलांना ताण कसा द्यायचा नाही त्याच्या साईटा."

लोकांनी कागद हातात असे धरले होते जणू ओले आहेत.

"आन जेवनाचं?" सहादेवनं विचारलं.

"औंदा..." सर कागदाकडं बघत म्हणाले, "औंदा वसतिगृह मंजूर नाही."

"का बरं?"

"वरूनच नाही."

पुष्पावती चुलीपाशी होती. ती हात पुसत आली आणि तिनं एका पोराच्या हातातला कागद घेऊन उलटा-सुलटा करून बघितला.

"सर, ह्या चौकोनात भाकरी कुठल्या कोपऱ्यात हाय? न्हाई, दाखवा तरी. मी चुकून चुलीत घालायची."

बायका हसल्या. मग हसू लगेच बंद झालं, कारण हसण्यासारखं काही नव्हतं.

"मावशी, थट्टा नको. कारखान्यावर सगळ्यांकडं मोबाईल असतात आता."

"माझा बटनाचा हाय," सहादेव म्हणाला. "शाळेतनं फोन आला तर हॅलो म्हनायापुरता."

"मग मुकादमाकडं आहे ना मोठा? त्याला मागायचा संध्याकाळी अर्धा तास."

सहादेवनं सरांकडं बघितलं. रागानं नाही. एखाद्या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात काय असतं ते एकदा बघून घ्यावं, तसं. "सर," तो हळूच म्हणाला, "मुकादमाच्या मोबाईलपाशी सांजच्याला पोरगी पाठवू मी?"

सर हातात उरलेले कागद सारखे करायला लागले.

धनश्री खिडकीत उभी राहून ऐकत होती. तिच्या आईच्या मांडीवर धाकटा भाऊ समर्थ कागद चघळत होता. आईनं तो काढून घेतला नाही.

"ऱ्हाऊ दी गं माझ्यापाशी पोरगी," पुष्पावती धनश्रीच्या आईला म्हणाली. "दुपारची खिचडी हाय शाळंत. सकाळ-संध्याकाळ माझ्या भाकरीत तिची भाकरी. एवढं काय."

धनश्रीच्या आईनं मान खाली घातली. "न्हाई मावशी."

"का? माझ्या हातचं गोड लागंना का?"

"गोड लागतंय मनूनच. सरकारचं ताट आसतं तव्हा कुनाचं उपकार नसत्यात. सगळ्यांचीच पोरं बसत्यात, आपली बी बसती. तुमच्या चुलीवर पोरगी ठिऊन आमाला तिकडं घास जाईल का? आन तुमी तरी काय खातासा, आमाला म्हाईत न्हाई का?"

"मोठी आली म्हाईत आसनारी!" पुष्पावती खेकसली. पण कोरडेच हात ती पुन्हा पदराला पुसायला लागली. वसतिगृह नाही म्हणजे तिचंही काम निम्म्यावर आलं होतं, आणि हे तिथं बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

"सर, तुमी काय मनता?" सहादेवनं विचारलं. "तुमी मनाल तसं."

इथं वैजनाथ खाडेला म्हणता आलं असतं की माझ्या पगारातून मी घालतो पोरांना जेवायला. काही जणांना तरी. पगार बरा होता. हे त्याला सुचलंही. सुचून गेलं. त्याच्या जागी तोंडातून आलं ते असं, "नेऊ शकता. नाव कमी होणार नाही. मी लावतो हजेरी."

"मंग झालं," सहादेव म्हणाला. त्याला वाटलं, सरांनी आपल्यासाठी काही तरी केलं.

मेळाव्याचे फोटो काढायचे राहिले होते. सरांनी सगळ्यांना कागद छातीपाशी धरून उभं केलं. लोक उभे राहिले. ते नेहमीच उभे राहतात.

*

ट्रक सकाळी शाळेसमोर लागला, कारण बोरदऱ्यात ट्रक वळायला तेवढीच जागा आहे. पत्रे, बांबू, चटया, पाण्याचे ड्रम, पिठाची पोती, दोन शेळ्या आणि एक कोंबडी डालग्यात. सगळ्यांच्या वर माणसं. बायका खालून भांडी देत होत्या आणि भांडत होत्या. "आगं तवा खाली ठिऊ नगो, मोडंल!" "तवा मोडत आस्तोय व्हय, भवाने?" मुकादम फोनवर कुणाला तरी निघालो निघालो म्हणून सांगत होता आणि निघत नव्हता.

निघताना ट्रकपुढं नारळ फोडायचा असतो. टायराला कुंकू लावतात, कोयते ओळीनं ठेवतात, त्यांनाही कुंकू. नारळ गावातल्या चांगल्या हाताच्या माणसानं फोडायचा, म्हणजे हंगाम नीट जातो, कुणाच्या पायावर कोयता पडत नाही. एरवी म्हातारा गोरक्षनाथ फोडायचा. औंदा त्याला थंडीताप होता.

"सर फोडत्याल," सहादेव म्हणाला. "सरांचा सत्कार झालाय नगरला. सरांचा हात औंदा चांगला."

"व्हय, व्हय, सर!"

खाडे सर गेटात उभे होते. ते नको नको म्हणाले. लोकांना वाटलं, मोठेपणा. कुणी तरी नारळ हातात दिला, कुणी दगड दाखवला. मुकादमानं फोन खिशात घातला आणि टोपी नीट केली.

सरांनी नारळ आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. "जोरात, सर! खडूगत नगा धरू!" ट्रकवरून कुणी तरी ओरडलं आणि सगळे मोकळं हसले. तिसऱ्या वेळेला फुटला. पाणी टायरवर, सरांच्या बुटावर. करवंटीचे तुकडे गेटापर्यंत उडाले.

खोबऱ्याचे बारीक तुकडे करून सरांनीच वाटले. कारण तसंच असतं, फोडणाऱ्यानं वाटायचं. एकेक हात खाली येत होता, खोबरं घेऊन वर जात होता. पीठ लागलेले हात, बांगड्यांचे हात, कोयत्यानं घट्टे पडलेले हात. प्रत्येक जण घेतलेलं आधी कपाळाला लावत होता.

धनश्री पत्र्यांच्या वर बसली होती. समर्थला दोन पायांत धरलं होतं, पडू नये म्हणून. तिनं खोबरं घेतलं, दातानं तोडलं, मऊ करून निम्मं समर्थच्या तोंडात घातलं. सरांकडं बघून म्हणाली, "सर, तिकडं आमाला कव्हा शिकवनार तुमी? सकाळी का सांजच्याला?"

तिला खरंच वाटत होतं की फडावर सर कुठून तरी दिसणार आहेत. त्यांनीच सांगितलं होतं तसं. साऱ्या नगरला सांगितलं होतं.

"बघू," सर म्हणाले.

"सांजच्याला जमंल मला. सकाळी ह्याला धरावं लागंल."

सहादेवनं खाली वाकून सरांच्या पायाला हात लावला. "येतो, सर. नाव तेवढं काढू नगा पोरीचं."

"नाही काढणार."

तेवढं एकच वचन ते पाळू शकत होते, कारण वरूनही तोच आदेश होता.

ट्रक हलला. कोंबडी ओरडली, कुणी तरी देवाचं नाव घेतलं, धूळ उठली आणि शाळेच्या भिंतीवर बसली. तिसगावच्या वाटेनं तो खाली उतरला. वळणावर वरची माणसं एकदम एका बाजूला झुकली, मग दिसेनाशी झाली.

सरांच्या हातात खोबऱ्याचा एक तुकडा उरला होता. त्यांनी तो पुष्पावतीपुढं धरला.

"मावशी, घ्या. प्रसाद."

"माझा उपास हाय."

"आज कसला?"

तिनं पदर कमरेला खोचला, गेटात खाली बसली आणि मातीत उडालेले करवंटीचे तुकडे एकेक करून वेचायला लागली. टोकदार होते, काही बारीक, धुळीत न दिसणारे. ती हात फिरवून शोधत होती.

"झाडून घेतलं असतं पोरांनी," सर म्हणाले.

"उरल्याली पोरं आनवानी येत्यात," ती म्हणाली. "सरका तिकडं. तुमच्या बुटाखाली हाय एक."

सर सरकले.